बॉलपेनानं लिहिलेले बारा शब्द

गच्चीवरच्या टाकीतला व्हॉल्व्ह अडकला होता. आमचे हे झाकण काढून आत वाकले आणि शर्टाच्या खिशातला फोन सरळ पाण्यात गेला. मी खाली कपडे वाळत घालत होते. थोड्या वेळाने हे जिना उतरून आले. हातात निथळता फोन होता. म्हणाले, "तांदळाच्या डब्यात ठेवून बघू."

चार दिवस तांदळात राहूनही फोन चालू झाला नाही. दुकानदाराने उघडून पाहिला आणि आता याच्यात काही राहिलं नाही असं सांगितलं. मग नवा फोन घेतला आणि त्यात जुनं सिम घातलं. फोटो परत आले, सगळ्यांचे नंबर परत आले. एक गोष्ट तेवढी आली नाही, ती म्हणजे यांचं क्रिप्टोचं पाकीट.

हे भोपाळला बरखेड्याच्या मोठ्या सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. गेज लावून मोजल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, ही आयुष्यभराची सवय. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून आम्ही मिसरोदला राहायला आलो आणि मोजायला काही उरलं नाही. तेव्हा यांनी वाचायला सुरुवात केली. वर्षभर वाचून झाल्यावर थोडंसं बिटकॉइन घेतलं. किती घेतलं ते सांगत नाही. बुडालं असतं तर आमची चूल बंद पडली नसती, एवढं सांगते. घेतलं ते मात्र कुठल्या कंपनीकडे न ठेवता स्वतःच्या पाकिटात ठेवलं. पाकीट म्हणजे फोनमधलं एक ॲप.

मला त्यांनी तेव्हाच समजावलं होतं. फोन हे खरं पाकीट नव्हेच. नाणी जगभरच्या संगणकांवरच्या नोंदीत असतात आणि त्यांची किल्ली बारा इंग्रजी शब्दांतून तयार होते. फोन हरवला तर दुसऱ्या फोनमध्ये तेच बारा शब्द त्याच क्रमाने घालायचे, की सगळं परत येतं.

"आणि शब्दच हरवले तर?" मी विचारलं होतं.

"मग संपलं."

"अर्ज कुणाकडे करायचा?"

"कुणाकडेच नाही. तिथे साहेब नाही, शाखा नाही, कुणी नाही."

माझे वडील सरकारी कार्यालयाबरोबर नागपूरहून भोपाळला आले. मी स्वतः टी. टी. नगरजवळच्या एका सरकारी कार्यालयात छत्तीस वर्षं स्टेनो होते, त्यातली बरीचशी वर्षं चीफ इंजिनियरांची. अर्ज करता येत नाही अशी गोष्ट मी त्याआधी ऐकली नव्हती.

ते शब्द लिहिले ती दुपार मला चांगली आठवते. हे म्हणाले, "फोटो काढायचा नाही, मेलवर ठेवायचे नाहीत, कागदावरच लिहायचे. पण कागद कुणाच्या हाती लागला तर? शब्द दिसले की कुणीही उघडेल."

मी म्हटलं, "मला सांगा. मी शॉर्टहँडमध्ये लिहिते. आपल्या ओळखीत ती वाचणारं आता कुणी उरलेलं नाही."

त्यांना ते फार आवडलं, आणि खरं सांगायचं तर मलाही. निवृत्तीनंतर माझी शॉर्टहँड फक्त भाजीच्या यादीपुरती राहिली होती. जेवणाच्या टेबलावर बसून यांनी एकेक शब्द वाचला आणि मी लिहिला, प्रत्येकाला नंबर घालून. कागद जाड हवा म्हणून लग्नपत्रिकेची कोरी बाजू घेतली. पेन्सिल पुसली जाईल म्हणून बॉलपेन घेतला. मग ते कार्ड विम्याच्या फाइलमध्ये गेलं.

फोन गेल्यावर मी ती फाइल काढली आणि चष्मा लावून बसले. हे नवा फोन घेऊन समोर. पहिला शब्द मी लगेच सांगितला, दुसराही. तिसऱ्याला थांबले.

थांबायचं कारण सांगायला हवं. शॉर्टहँडमध्ये स्पेलिंग लिहीत नाहीत, आवाज लिहितात. क आणि ग यांची रेघ एकच असते. क पातळ, ग जाड. ट आणि ड तसंच, प आणि ब तसंच. पेन्सिलीवर जरा जोर दिला की रेघ जाड होते. स्वर तर वेगात गाळूनच टाकतो. वहीच्या ओळीच्या वर लिहिलं, ओळीवर लिहिलं की ओळ कापून लिहिलं, त्यावरून कुठला स्वर ते कळतं. माझ्या त्या कार्डावर ओळीच नव्हत्या. आणि बॉलपेनाची रेघ कितीही दाबली तरी एकाच जाडीची उमटते.

छत्तीस वर्षं मी रेघा आखलेल्या वहीवर पेन्सिलीने लिहिलं. जपून ठेवायची गोष्ट म्हणून नेमकी त्या दिवशी दोन्ही सोडली.

"कॅट," मी म्हटलं. "किंवा काइट. किंवा किट. गुडही असू शकतं."

यांनी फोन टेबलावर उपडा ठेवला.

त्या संध्याकाळपर्यंत मी बारापैकी सात शब्द पक्के केले आणि पाच शंकेचे बाजूला काढले. एका आकृतीचं तर टेल, टूल, डील, डायल काहीही होत होतं. नोकरीत एकाही साहेबाला मी "परत सांगा" म्हटलेलं नाही. माझ्या नोंदीवरून टाइप झालेलं पत्र कधी चुकलं म्हणून परत आलं नाही. आणि आता माझंच अक्षर मला वाचता येत नव्हतं. त्या आधीच्या महिन्यात दोनदा मी गॅसवर दूध विसरले होते. ते आणि हे एकच तर नाही ना, असं मनात आलं. कुणाला बोलले नाही.

यांनी वहीत तक्ता आखला. पाच शंकेचे शब्द, प्रत्येकाचे पर्याय. गुणाकार केला तर आकडा हजारात गेला. तरी आम्ही रोज सकाळी थोडी थोडी जोडणी घालून बघायला लागलो. हे बोटाने टाइप करायचे, मी तक्त्यावर खूण करायची. दरवेळी फोन सांगायचा की हे शब्द बरोबर नाहीत.

सहाव्या दिवशी पाकीट उघडलं.

मी उभी राहिले. हे मात्र बसूनच होते, पडद्याकडे बघत. पाकीट रिकामं होतं. एकही व्यवहार नाही, जमा नाही, काही नाही.

"कुणी काढून नेलं?" मी विचारलं.

यांनी उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. वाचून, पडताळून मगच बोलले. "शेवटच्या शब्दात थोडी तपासणीची खूण असते," ते म्हणाले. "बाकीच्या शब्दांशी तिचा मेळ बसला नाही तर फोन लगेच नाकारतो. पण चुकीच्या जोडणीतही कधीकधी मेळ बसून जातो. मग उघडतं ते दुसरंच पाकीट. कुणीच न वापरलेलं. आपलं जिथल्या तिथे आहे."

"म्हणजे चोरी नाही."

"चोरी झाली असती तर नोंद दिसली असती. इथे आत कधी काही गेलंच नव्हतं."

मी तक्त्यात त्या जोडणीपुढे फुली मारली आणि आम्ही पुढे चालू लागलो.

मुलगी पुण्याला नोकरी करते. तिला कळलं तेव्हा म्हणाली, "आई, कार्डाचा फोटो टाक ना मला. मी इथे कुणाला तरी दाखवते."

"फोटो निघणार नाही."

"अगं, शॉर्टहँड आहे ते. कुणाला काय कळणार?"

"मला कळत नाही म्हणजे कुणालाच कळणार नाही असं नाही. शॉर्टहँड वाचणारे अजून जिवंत आहेत."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "आई, बाबा म्हणत होते की जाऊ दे. तूच सोडत नाहीयेस. एवढं काय त्यात?"

पैशांसाठी नव्हतं, हे मला माहीत होतं. यांनी एक वस्तू माझ्या हाती विश्वासाने दिली होती आणि मी ती त्यांना परत देऊ शकत नव्हते, एवढीच गोष्ट होती. आणि ते एकदाही मला बोलले नव्हते, हे त्याहून जड होतं.

मधे एक प्रकार घडला. यांनी कुठल्याशा व्हिडिओखाली स्वतःचा नंबर देऊन प्रश्न विचारला होता, की पाकीट उघडत नाही, काय करावं. तासाभरात मेसेज आला, मागोमाग फोन. आवाज अगदी आर्जवी. हे बोलत असताना मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, कारण फोन स्पीकरवर होता.

"सर, चिंता मत कीजिए. आपके जो बारह शब्द हैं, जितने याद हैं उतने बोल दीजिए. बाकी हमारा सिस्टम निकाल देगा."

हे म्हणाले, "वो मेरी मिसेस के पास लिखे हैं. मुझे पढ़ना नहीं आता."

"तो मैडम से बात करा दीजिए."

मी हात पुसून फोन घेतला. "आपका दफ्तर कहाँ है?"

"मैडम, हम ऑनलाइन सपोर्ट हैं."

"ये शब्द मांगने का अधिकार आपको किसने दिया?"

तो पुन्हा तेच बोलायला लागला, पाच मिनिटांचं काम आहे, आधीच उशीर झालाय वगैरे. मी त्याला संपवू दिलं नाही. फोन बंद केला आणि नंबर अडवला. कार्यालयात माझ्या पहिल्या साहेबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की वहीत जे जातं ते टाइपरायटरवरच बाहेर येतं, तोंडातून येत नाही. मंत्र्यांच्या माणसांनी विचारलं तरी मी सांगितलं नव्हतं, मग हा कोण.

हे जरा ओशाळले. "मी सगळे सांगितले नसते," म्हणाले.

"सांगायला तुम्हाला येत नव्हते, म्हणून वाचलो," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही कितीतरी दिवसांनी हसलो.

त्या दुपारी भांडी आवरताना माझ्या मनात आलं की मी आकृत्यांकडे बघत बसलेय, पण त्या आकृत्या मी बघून काढल्याच नव्हत्या. ऐकून काढल्या होत्या. यांनी वाचलं आणि मी लिहिलं. मग पुन्हा ऐकूनच बघायला हवं.

ते बारा शब्द मनाला येतील तसे नसतात. दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांची एक ठरलेली यादी आहे, त्यातूनच निघतात. यादी गुप्त नाही, कुणालाही मिळते. कुठले बारा आणि कुठल्या क्रमाने, एवढंच गुप्त. मी यांना म्हटलं, "ती यादी छापून आणा. सगळी. तुम्ही वाचा, मी लिहिते. त्या दिवशी वाचलं होतं तसंच वाचायचं. सुधारून वाचायचं नाही."

"दोन हजार शब्द?"

"रोज शंभर. तीन आठवडे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चपला घातल्या आणि झेरॉक्सच्या दुकानात गेले.

दुसऱ्या दिवसापासून चहा झाला की आम्ही टेबलाशी बसायचो. मी रेघांची वही घेतली, दोन पेन्सिली टोक करून ठेवल्या. हे कारखान्यात पार्ट नंबर वाचायचे तसे एका सुरात वाचायचे. पहिल्या दिवशी माझा हात अडखळला. दुसऱ्या दिवशी बरा चालला. तिसऱ्या दिवशी हे पुढचा शब्द वाचायच्या आत माझा मागचा झालेला असायचा, आणि दुधाची भीती माझ्या मनातून आपोआप मागे सरली.

चौथ्या दिवशी 'सी'चे शब्द चालू होते. चीज झालं. हे पुढे म्हणाले, "चेफ."

मी लिहिलं आणि पेन्सिल थांबवली.

"परत म्हणा."

"चेफ. स्वयंपाकी. हॉटेलात असतो तो."

त्याला शेफ म्हणतात. पण हे मराठी शाळेत शिकले, पुस्तकात वाचून इंग्रजी शिकले, आणि 'सी एच' म्हणजे च. ते आयुष्यभर चेफच म्हणत आले असणार, मीच कधी कान दिला नव्हता. मी कार्ड पुढे ओढलं. आठव्या नंबरची आकृती च आणि फ. ती मी 'चीफ' वाचली होती. वाचली कसली, तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. चीफ इंजिनियर हा शब्द मी दिवसातून वीस वेळा लिहिलेला. ती आकृती दिसली की डोळे पुढे जायचे. म्हणून तो शब्द पक्क्या सातांत होता. आम्ही शंकेचे पाच शब्द फिरवत बसलो होतो आणि चूक त्या पक्क्यांत होती. तशा हजारो जोडण्या घातल्या असत्या तरी आमचं पाकीट उघडलं नसतं.

मी हे यांना सांगितलं. त्यांनी 'चीफ' आणि 'चेफ' दोन्ही यादीत बोटाने दाखवले. दोन्ही होते, थोड्याच अंतरावर.

"माझ्या उच्चारामुळे झालं," ते म्हणाले.

"माझ्या डोळ्यांमुळे झालं. तुम्ही जसं म्हटलं तसंच मी लिहिलं होतं. वाचलं चुकीचं."

त्यांनी तिथेच फोन काढला. "घालून बघू."

आठव्या जागी चेफ घालून सात-आठ जोडण्या केल्या. उघडलं नाही. त्यांना तक्त्यातल्या सगळ्या जोडण्या चेफ घालून पुन्हा सुरू करायच्या होत्या. मी नको म्हटलं. एका शब्दात चूक निघाली होती, तर बाकी सहा पक्के कशावरून? आधी यादी शेवटपर्यंत व्हायला हवी.

"अजून सतराशे शब्द आहेत," ते म्हणाले.

"वाचा."

आणि त्यांनी वाचले. पाहुणे आले त्या दिवशी खाडा झाला, तो दुसऱ्या दिवशी दोनशे शब्द घेऊन भरून काढला. एकदा यांचा घसा बसला तेव्हा आल्याचा काढा घेऊन वाचले. त्यांच्या आवाजात शब्द ऐकून वहीत लिहिला, की मी तो कार्डावरच्या आकृतीशेजारी धरायची. काही गोष्टी तेव्हा ध्यानात आल्या. 'आय'चा आवाज असला की माझा हात त्याची खूण सहसा गाळत नाही. वहीत पानोपानी ती होती, कार्डावर त्या आकृत्यांना नव्हती. म्हणजे काइट आणि डायल गेले. पक्क्यांतले बाकीचे सहा बरोबरच निघाले. असं करत शंकेच्या पाच शब्दांपैकी तीन एकेकावर आले, उरलेल्या दोन शब्दांचे दोन-तीन पर्याय राहिले. यादीतला शेवटचा शब्द 'झू' आहे. तो लिहून मी पेन्सिल खाली ठेवली तेव्हा वही जवळजवळ भरली होती.

उरलेल्या जोडण्या बोटावर मोजण्यासारख्या होत्या. चौथीला पाकीट उघडलं. या वेळी आत यांच्या नावचे, म्हणजे यांनी केलेले, सगळे व्यवहार दिसत होते, तारखांसकट. हे बराच वेळ ते वर-खाली सरकवत राहिले. मग म्हणाले, "आहे." बस, एवढंच. आणि उठून स्वतःच चहा ठेवला.

मी त्याच दिवशी ठरवलं की असं पुन्हा होऊ द्यायचं नाही. इतके दिवस मला वाटत होतं की कुणालाच वाचता येणार नाही असं लिहिलं म्हणजे सुरक्षित. मला काही झालं असतं तर यांच्या हाती नुसत्या रेघोट्या राहिल्या असत्या. लपवणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. लपवायचं ते जागेने लपवावं, अक्षराने नाही.

जुने शब्द इतक्या वेळा कागदावर उतरले होते की ते वापरात ठेवणं यांना पटेना. त्यांनी नवं पाकीट केलं, नवे बारा शब्द घेतले. आता जुनं कुलूप रिकाम्या खोलीचं आहे, म्हणूनच त्यातला एक शब्द मी इथे लिहू शकले. नवे शब्द मी साध्या इंग्रजी अक्षरांत लिहिले, दोन कार्डांवर. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायची होती. कुठे, ते आम्हा तिघांनाच माहीत.

पण ठेवण्याआधी तपासणी. हे म्हणाले, "माल भरायच्या आधी गेज लावायचं." मुलगी दसऱ्याला आली होती. यांनी आधी जुन्या पाकिटातून नव्यात अगदी थोडंसं पाठवलं. ते पोचल्यावर नवं पाकीट फोनमधून पुसून टाकलं. पुसण्याआधी फोन दोनदा विचारतो. दुसऱ्या वेळी त्यांचं बोट जरा थबकलं. मी म्हटलं, "करा." त्यांनी केलं.

मग मुलीच्या हातात फोन आणि एक कार्ड दिलं आणि तिला आतल्या खोलीत बसवलं. आम्ही एक शब्दही सांगायचा नाही असं ठरलं होतं. आम्ही नसतानाही तिला जमायला हवं होतं. दार बंद होतं. हे पेपर उलटा-सुलटा करत बसले. मी शेंगा सोलायला घेतल्या. तिला पंधरा मिनिटं लागली, मला ती बरीच मोठी वाटली.

ती बाहेर आली. "उघडलं. बाबांनी पाठवलं होतं तेवढं दिसतंय."

यांनी पेपर घडी करून ठेवला.

"पण आई," ती कार्ड माझ्यापुढे धरत म्हणाली, "अकराव्यात हा यू आहे की व्ही, ते कळेना. मी यादीत शोधलं तेव्हा समजलं."

मी कार्ड उजेडात धरून पाहिलं. तिचं बरोबर होतं. मी शेंगा बाजूला ठेवल्या, दोन नवी कार्डं घेतली आणि बाराच्या बारा शब्द पुन्हा लिहिले, सगळी अक्षरं मोठी, सुटी सुटी. मग तिला म्हटलं, "आता बाबांना पुन्हा पुसायला सांग, आणि आत जाऊन बस."